ती नाही म्हणते

४ फेब्रुवारी

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. फोन केला की तू "बरं, ठेवते, बॉयलर लागलाय" म्हणून मोकळी होतेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. ही हसतेय मला. म्हणते, इतकी वर्षं विम्याच्या कचेरीत सह्या करून तुमचा हात लिहायचं विसरला असेल.

कारण असं की, व्यापारी मंडळाच्या औषधवाल्यांचा फोन आला होता. मार्चच्या शेवटच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात अण्णांच्या आठवणींचा कार्यक्रम करायचा म्हणतात. एक्याण्णव वर्षांचं आयुष्य, त्यातली सत्तर वर्षं त्याच गल्लीत, त्याच लाँड्रीत. एक दिवस कोणाशी भांडण नाही, कोणाचा सदरा हरवला नाही, घरात दोन मुलं आणि बायको सोडून दुसरा विचार नाही. असा माणूस मंडळाला पुन्हा मिळायचा नाही, असं ते म्हणाले, आणि मला भरून आलं.

भाषण मुलाचं हवं असा त्यांचा हट्ट आहे. पण मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर, रजेचं नाव काढायची सोय नाही. मी लिहून पाठवणार आणि औषधवाले वाचणार, असं ठरलंय. आता गंमत बघ. लिहायला बसलो तर मला अण्णा दिसतात ते फक्त सुटीतले. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना घर सोडलं, नंतर आलो तो पाहुण्यासारखा. खरे अण्णा तुझ्याजवळ आहेत. तेव्हा काय काय आठवतं ते लिहून पाठव. मी त्याला जरा आकार देतो.

लाँड्री तू चालवतेच आहेस, त्यामुळे तिकडची काळजी नाही. आईची तब्येत कळव.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आली वाटतं आठवण." मी म्हटलं, अगं, त्याला अण्णांच्या आठवणी हव्यात, आपली आठवण नव्हे.

रागावू नकोस, गंमत केली. दुकानात आता बोलायला कोणी नाही, त्यामुळे जीभ जरा सैल सुटली आहे.

तर अण्णा. उजाडायच्या आत भट्टी पेटवायचे आणि पेटली की तिच्याशी बोलायचे. "चल बाई, आज हॉटेलच्या चादरी आहेत, नखरे नकोत." इस्त्री तापली का हे बघायला ती गालाजवळ न्यायचे. मला मात्र ओल्या बोटाने बघायला शिकवलं. म्हणाले, तुझ्या गालाला चटका बसला तर तुझी आई ही इस्त्री माझ्या पाठीवर फिरवेल. घडी घालताना एक अक्षर बोलायचे नाहीत. एक बाही आत, दुसरी बाही आत, तळहाताने एकदा दाबायचं आणि कॉलर वर. गावाने त्यांचं नाव कधी लक्षातच ठेवलं नाही, लहानथोर सगळे घडीमास्तर म्हणायचे. औषधवाल्यांनाच विचार. ते सांगतात की घडीमास्तरांकडून आलेला सदरा उलगडायला जीव होत नसे, म्हणून आदल्या दिवशीचाच घालून जायचे.

आणि त्यांचा तो नियम तर घालच. विचारल्याशिवाय कोणाच्या कपड्याला हात लावायचा नाही. खळ कडक की हलकी? नीळ घालू की नको? हा डाग काढू की राहू दे? लोक हसायचे. डाग राहू दे असं कोण म्हणेल? पण तुला शाळेतल्या बाईंचा कोट आठवत नसेल, तू फारच लहान होतास. बाईंचा नवरा गेल्यावर त्यांनी त्याचा कोट धुवायला दिला. कॉलरला केसांच्या तेलाचा डाग होता. अण्णांनी तो असा काढला की कुठे होता ते सांगता येईना. बाई कोट न्यायला आल्या, कॉलर उलटीपालटी करून बघितली आणि काउंटरवरच रडायला लागल्या. त्याचं तेवढंच राहिलं होतं, म्हणाल्या. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. मला जवळ बसवून म्हणाले, "आपल्याला जो डाग वाटतो तो दुसऱ्याचा काय असेल ते आपल्याला काय ठाऊक? विचारायला काही जीभ झिजत नाही." दुसऱ्याच्या मनाचा इतका विचार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. भाषणात हेच आधी घे.

एक घालू नकोस. ते आमचं दोघांचं आहे. गावात नाटक कंपनी आली की अण्णा मला डिवचायचे, "काय गं, तुझी थापाडी आली का?" तुला माहीत असेल. मी विशीत होते, तेव्हा एक कंपनी महिनाभर मुक्कामाला होती. त्यांच्या राजाच्या मखमली झग्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. मी ते कागद ठेवून कोमट इस्त्रीने उचललं, मग आतल्या बाजूने वाफ देऊन मखमल उभी केली. त्यांची कपडेपट सांभाळणारी बाई मागच्या अंगणात पालथ्या टबावर बसून बघत होती. म्हणाली, असा हात मला हवाय, येतेस का माझ्याबरोबर? गावोगाव फिरू, सगळा कपडेपट तुझ्या हाती देईन. मी म्हटलं, अण्णांशी बोला. "उद्या निघायच्या आधी येऊन बोलते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला हॉटेलात चादरी पोचवायच्या होत्या, पुलापलीकडे. परत येईपर्यंत त्यांचे ट्रक गेलेले. अण्णा म्हणाले, ती बाई फिरकलीच नाही, नाटकवाल्यांचं काय घेऊन बसलीस. आठ दिवस मी तोंड फुगवून होते. मग अण्णांनीच तिला थापाडी नाव ठेवून मला हसवलं. तेव्हापासून ते चालू होतं, अगदी गेल्या वर्षीपर्यंत.

असो. माझे गुडघे आता कुरकुर करतात. बॉयलर गळतोय, नवा घ्यायचा की हे सगळंच आवरतं घ्यायचं ते ठरवायला हवं. तू मागे म्हणाला होतास की तुमच्या घरात मागची खोली रिकामीच असते. आईला इथले जिने होत नाहीत. मी काही म्हणत नाही, नुसतं लिहिलं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

काय सुंदर पत्र! हिला मोठ्याने वाचून दाखवलं. कोटाची गोष्ट तशीच्या तशी घेतो. सुरुवात तीच.

पण थापाडीचं मला कळलं नाही. तू त्या बाईला थापाडी का म्हणतेस? ती तर आली होती! मी होतो की काउंटरवर, शाळेला सुटी होती. तू चादरींचं गाठोडं घेऊन गेलीस आणि थोड्याच वेळात ती आली. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होता. तिने अण्णांना सगळं नीट सांगितलं, कुठे राहायचं, काय काम, सुटीत घरी कधी येता येईल. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तिला कालच विचारलं. ती नाही म्हणते. तिचा जीव इथेच रमतो." बाई म्हणाली, एकदा तिच्या तोंडून ऐकते. तर म्हणाले, "तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला लाजते हो, म्हणून तर कामाचं निमित्त काढून बाहेर गेली."

ताई, मला ते अजून दिसतं. बाई गेल्यावर अण्णांनी डोळे पुसले. मी तेव्हा मनात म्हटलं, काय माझी बहीण! एवढं जग पायाशी आलं आणि घरासाठी लाथाडलं. मी माझ्या मुलांना ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल. तू कधी बोलली नाहीस, आणि मला वाटायचं की हाच तुझा मोठेपणा.

जाताना तिने तुझ्यासाठी म्हणून तो मखमलीचा मऊ ब्रश ठेवला होता, लाकडी मुठीचा. आहे का गं अजून?

भाषणाचा शेवट मी यावरच करणार आहे. बाप आणि मुलगी, एकमेकांवर इतका जीव! लोकांच्या डोळ्यांना पाणी येईल बघ.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

मी नाही म्हटलं नव्हतं.

मला कोणी विचारलंच नव्हतं. आदल्या दिवशी नाही, त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. मीच अण्णांना सांगितलं होतं की बाई उद्या तुमच्याशी बोलायला येणार आहेत. ते "बरं, बघू" म्हणाले. सकाळी उठले तेव्हा चादरींचं गाठोडं बांधून तयार होतं. हॉटेलचं काम खरं तर दोन दिवसांनी द्यायचं होतं. मी म्हटलंसुद्धा, आजच कशाला? म्हणाले, "त्यांचा निरोप आलाय, आजच हव्यात." हॉटेलातला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. निरोपबिरोप काही नव्हता. मी त्याचा अर्थ लावला नाही. आपला बाप असं काही करेल असं मनात तरी येईल का?

पत्र वाचून मी मागच्या अंगणात जाऊन बसले. गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. ब्रश आहे, धाकट्या. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी वकिलांच्या कोटावर फिरवला होता. अण्णांनी सांगितलं होतं की बाजारातून आणलाय, तुझा हात मखमलीवर छान चालतो म्हणून. मी किती खूश झाले होते! आणि त्या बाईला मी चाळीस वर्षं शिव्या घालत आले. तोंडाला पानं पुसून गेली, म्हणायचे. ती बिचारी माझ्यासाठी ट्रक थांबवून उभी होती.

मला फसवलं याचं दुःख आहेच. पण त्यावर अण्णा हसायचे रे! "थापाडी आली का गं?" मी हसले की तेही हसायचे. थाप कोणाची होती हे त्या घरात त्यांना एकट्याला माहीत होतं. कशाला हसायचे? केसाने गळा कापला माझा, आणि वर मला गुदगुल्या केल्या.

तू आणखी काय ऐकलंस ते सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून हादरलो. मला खरंच वाटत होतं की तुला विचारलं होतं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

पण जरा शांतपणे विचार कर. अण्णा काही वाईट मनाने वागले नसणार. नाटक कंपनी, गावोगाव भटकणं, आज इथे उद्या तिथे. मुलीच्या बापाला धास्ती वाटणारच. शिवाय आईचं कमरेचं दुखणं त्याच वर्षी सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी मी कॉलेजला जाणार होतो, म्हणजे दुकानातून माझे हात कमी होणार. तू गेली असतीस तर अण्णा एकटे पडले असते, दुकान बसलं असतं, आणि मग माझं काय झालं असतं देव जाणे. त्यांनी घराचा विचार केला. प्रामाणिकपणे सांग, तू तरी गेली असतीस का? मला वाटतं, तू शेवटी नाहीच म्हणाली असतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. अण्णांनी फार तर तुझं उत्तर तुझ्याआधी दिलं, एवढंच.

माणूस गेला. आता त्याची उलटतपासणी घेऊन काय मिळणार? सत्तर वर्षांचं काम एका पारड्यात घाल आणि ही एक सकाळ दुसऱ्या पारड्यात. आईजवळ मात्र हा विषय काढू नकोस, तिला झेपायचं नाही.

आणखी काही ऐकलेलं आठवत नाही. भाषण जवळजवळ लिहून झालंय.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर तुझ्याआधी दिलं, एवढंच! कसं सुचतं रे तुला? विमा विकून विकून तुझी जीभ फारच गुळगुळीत झाली आहे.

आईजवळ विषय काढला. मी काय तुझं घोडं मारलंय की चाळीस वर्षं गप्प बसवल्यावर आणखी गप्प बसू? ती खिडकीजवळ बसून उशांच्या गिलाफांची बटणं लावत होती. मी सरळ विचारलं, "आई, ती नाटकवाली बाई आली होती हे तुला ठाऊक होतं?" तिने सुई खाली ठेवली नाही. म्हणाली, "होतं."

मी म्हटलं, मग मला का नाही विचारलं?

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

बघ, तिला माझा स्वभाव तुझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. आणि अण्णांनाही ठाऊक होता. मी नाही म्हणेन असं त्या माणसाला एक क्षणभरही वाटलं नव्हतं. गाठोडं उगाच बांधलं होतं का? मी गेले असते, धाकट्या. धावत गेले असते. माझे दोन चांगले कपडे मी आदल्या दिवशीच धुऊन इस्त्री करून ठेवले होते, आणि अण्णांनी ते बघितले होते. "झकास घडी घातलीस," म्हणाले होते.

मला जास्त काय लागलं ते सांगू? परक्याच्या कोटावरचा तेलाचा डाग काढताना ह्या माणसाचा हात थांबायचा. गावातल्या प्रत्येक सदऱ्याला विचारलं, खळ कडक की हलकी. एका पोरीला विचारलं नाही. तिला नीळ घातली, खळ घातली, घडी घातली आणि फळीवर ठेवून दिली. त्यांनी मला "दुकानाला तुझी गरज आहे, जाऊ नकोस" असं तोंडावर सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित राहिलेही असते. तेव्हा मी राहिले असं म्हणता आलं असतं. आता तेही म्हणता येत नाही. मला ठेवून घेतलं.

त्यांच्यावर जीव होता रे माझा. तो आता कुठे ठेवू? शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे तेव्हा मी त्यांचा घास त्यांच्या तोंडात दिला. ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, माया. आता वाटतं, तेव्हा तरी सांगायचं होतं. मी घास खाली ठेवला नसता.

भाषणात ती गोष्ट घालायची नाही. घालायचीच असेल तर खरी घाल.

आणि मागच्या खोलीचं तू काहीच लिहिलं नाहीस. मी आता नुसतं लिहीत नाही, विचारते. हे दुकान मला आणखी ओढवत नाही. आई आणि मी तुझ्याकडे आलो तर चालेल का? हो किंवा नाही, काय ते लिही.

ताई


१८ मार्च

ताई,

घाईत आहे, वर्षअखेरीने पार पिट्टा पडलाय. भाषण औषधवाल्यांना पाठवलं. त्यांना फोनवर वाचूनही दाखवलं, ते म्हणाले की असं भाषण सभागृहाने ऐकलं नसेल. तू काळजी करू नकोस, तुझ्या मनाला लागेल असं काही ठेवलेलं नाही. उलट तुझा मान राखलाय.

बाकीचं एप्रिलमध्ये निवांत बोलू. आईला जप.

धाकटा


३० मार्च

धाकट्या,

काल कार्यक्रम झाला.

सभागृह गच्च भरलं होतं. न्हावी आला होता, हॉटेलच्या मालकांचा मुलगा, शाळेतले सगळे शिक्षक. मागे उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. अण्णांचा फोटो मोठा करून लावला होता. आईला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मी. औषधवाल्यांनी चष्मा पुसला आणि तुझं भाषण वाचायला घेतलं.

कोटाची गोष्ट छान लिहिली आहेस. बायका रडल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग नाटकवाली आली. तू तिला आणलंसच. "माझ्या बहिणीला त्या बाईंनी बोलावलं. पण ताई नाही म्हणाली. तिचा जीव अण्णांच्या लाँड्रीत होता." टाळ्या पडल्या. आईने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही, तरीही बसून राहिले. म्हटलं, संपेल आता.

तर पुढे तू लिहिलंस, "अण्णा गेल्यावर मी ताईला किती वेळा विनवलं की आईला घेऊन माझ्याकडे ये, माझं घर तुझंच आहे. पण ती नाही म्हणते. शेवटच्या श्वासापर्यंत अण्णांचं दुकान चालवणार, असा तिचा निश्चय आहे. अण्णांनी पेरलेली निष्ठा ती हीच."

केवढ्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू! औषधवाले थांबून माझ्याकडे बघून मान हलवत होते. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघत होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तू कधी विनवलंस मला? फोनवर? स्वप्नात? मी हात पसरून विचारलं त्याला तू एका ओळीचं उत्तर दिलं नाहीस, आणि ते नाही तू माझ्या तोंडात घातलंस, साऱ्या गावासमोर. अण्णांनी निदान ते एका बाईला एकटीला सांगितलं होतं.

मी उठले. इतक्या लोकांत मी आयुष्यात बोललेली नाही. मी म्हटलं, "औषधवाले, यात दोन चुका आहेत. मी त्या बाईला नाही म्हटलं नव्हतं, मला विचारलंच नव्हतं. अण्णांनी चादरी देऊन मला पुलापलीकडे पाठवलं आणि माझ्या नावाने नाही सांगून टाकलं. मला ते महिन्यापूर्वी कळलं." कोणीतरी मागे खोकलं. औषधवाले म्हणाले, "ताई, बसा, तुमची मनःस्थिती ठीक नाही." मी म्हटलं, "मनःस्थिती चांगली ठणठणीत आहे. दुसरी चूक अशी, की भावाने मला बोलावलंय हे मी आत्ता इथे तुमच्याबरोबर ऐकलं. आता ऐकलंच आहे तर उत्तरही देते. मी हो म्हणते. लाँड्री बंद करते. ज्याचे त्याचे कपडे येत्या आठवड्यात घेऊन जा."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी माझ्याशी कोणी बोललं नाही. फक्त न्हावी जवळ येऊन म्हणाला, "घडीमास्तरांबद्दल असं बोलायला नको होतं, ताई." मी त्याला म्हटलं, "तुझे टॉवेल तयार आहेत, घेऊन जा."

कळवते आहे. दोघींची तयारी करते.

ताई


३ एप्रिल

ताई,

हे तू काय करून बसलीस? औषधवाल्यांचा फोन आला तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही. अण्णांच्या कार्यक्रमात अण्णांचे वाभाडे! असं घरातलं चव्हाट्यावर मांडतात का? मी ते तुझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं. गावात तुझा मान वाढावा, मंडळाने बॉयलरसाठी हातभार लावावा, एवढाच हेतू होता. भाषणात माणूस चार शब्द चढवून लिहितो. ते कोणी असं धरून बसतं का?

तुम्ही आत्ता लगेच येऊ नका. मागच्या खोलीत मुलाचं सामान आहे, रंगाचं काम काढायचं आहे, हिचीही तब्येत बरी नसते. आणि मुख्य म्हणजे आईचा विचार कर. तिचं सगळं आयुष्य त्या घरात गेलं. ह्या वयात ती तिथून हलणार नाही. मी तिला चांगला ओळखतो, ती नाहीच म्हणेल. तिच्यासाठी तरी आपला हट्ट सोड.

दुकान पुन्हा उघड. लोक चार दिवसांत विसरतात.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

आई नाहीच म्हणेल असं तू लिहिलंस. मी ते तिला वाचून दाखवलं आणि मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आई, धाकट्याकडे जायचं का? की इथेच राहायचंय? राहायचं असेल तर मी कामाला बाई बघून देते, सगळी सोय लावते. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. तर म्हणाली, "मला विचारतेस?"

हो, म्हटलं, तुलाच.

मग रडली. अण्णा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. म्हणाली, ह्या घरात आले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, भट्टीवर उभी केली तेव्हा विचारलं नव्हतं, तुझ्या वेळी मला फक्त सांगितलं की गप्प राहा, आणि मी राहिले. मी तिला क्षमा केली असं म्हणवत नाही. पण मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "धाकट्याकडे जाते. नातवंडं डोळ्यांसमोर असतील. इथे वाफेने माझा जीव घुसमटतो, लग्न झाल्यापासून घुसमटतो."

तर पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही निघतो. मुलाचं सामान दुसरीकडे हलव आणि रंग सावकाश काढ, तिला वास सोसत नाही. बायकोला तू सांगू नकोस, विचार. ती नाही म्हणाली तर तसं मला कळव, मी आईची दुसरी सोय करेन. पण ते तिने स्वतः लिहिलेलं हवं. तुझ्या अक्षरातलं चालणार नाही.

दुकान रिकामं झालं. कपडे सगळे नेले. अण्णांचा फोटो मंडळाने ठेवून घेतला, मी मागितला नाही.

आईला तुझ्या दारापर्यंत मी आणून सोडेन. मी आत येणार नाही, मला तू खरं कधी बोलावलंच नाहीस. पुढे मी कुठे जाणार, ते तू अजून विचारलेलं नाहीस.

ताई